रोमन राजाचा चेहरा शेवटी बघा, आधी नाणं उलटं करा

इंग्लंडमधल्या ज्या छोट्या गावात आम्ही राहतो तिथे शेजारी एक आजोबा आहेत, ते शेतमालकाची परवानगी घेऊन रविवारी मेटल डिटेक्टर फिरवायला जातात. ५ वर्षांपूर्वी त्यांनी माझ्या हातावर अंगठ्याच्या नखाएवढं एक काळपट नाणं ठेवलं आणि म्हणाले, ठेव तुला. एका बाजूला शिरस्त्राण घातलेलं डोकं, दुसऱ्या बाजूला लांडगीण, तिला लुचणारी दोन बाळं आणि वर दोन चांदण्या. मी आठवडाभर त्या डोक्याकडेच बघत बसले, हा राजा कोण, नाक असं, हनुवटी अशी, नेटवरचे फोटो शेजारी लावून लावून बघितले आणि काहीच जुळेना. जुळणार कसं, तो राजा नव्हताच, ती रोमा, रोम शहराची देवी. लांडगिणीच्या पायाखालची तीन अक्षरं आधी वाचली असती तर पाच मिनिटांत काम झालं असतं. टी-आर-पी. म्हणजे ट्रिअर, आजच्या जर्मनीतलं शहर, तिथल्या टांकसाळीतली पहिली कार्यशाळा, आणि लांडगीण म्हणजे इसवी सन ३३० नंतरची काही वर्षं.

तेव्हापासून मी एकच पद्धत वापरते, आणि जे कोणी स्वस्तातली न साफ केलेली रोमन नाणी घेऊन डोकं धरून बसलेत त्यांना तीच सांगते. लहानपणी छापा-काटा खेळायचो ना, तसं समजा. छापा म्हणजे राजाचं डोकं, काटा म्हणजे मागची बाजू. चौथ्या शतकातल्या ब्राँझ नाण्यात काटा आधी वाचायचा आणि छापा शेवटी. कारण या काळातले चेहरे हे माणसाचे फोटो नाहीत, ते पदाचे चेहरे आहेत. पहिल्या शतकातला नीरो गुबगुबीत दिसतो, व्हेस्पेसियनचं टक्कल दिसतं, तिथे चेहऱ्यावरून ओळखता येतं. पण २९४ च्या आसपास डायोक्लेशियननं नाण्यांची नवी व्यवस्था लावली आणि चार राजे मिळून राज्य करायला लागले तेव्हापासून चौघांची डोकी एकाच मापाची, जाड मान, चौकोनी जबडा, आखूड दाढी. पुढे कॉन्स्टंटाईनच्या घराण्यात सगळे गुळगुळीत दाढी केलेले, लांब नाकाचे. बाप कोण आणि पोरगा कोण हे नाकावरून सांगता येत नाही, कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर तो नाव वाचून सांगतोय.

एक गोष्ट आधीच सांगते, नाण्यावरची अक्षरं मी इथे देवनागरीत लिहितेय, नाण्यावर ती अर्थात रोमन आणि काही ठिकाणी ग्रीक आहेत, आणि यू हे अक्षर तिथे नसतंच, त्याच्या जागी व्ही असतो. हे डोक्यात पक्कं बसवा.

साफसफाईबद्दल थोडक्यात पण कळकळीनं. घरी तांब्याचा तांब्या आपण चिंच नाहीतर पितांबरी लावून चकचकीत करतो, ते इथे अजिबात करायचं नाही. ना चिंच, ना लिंबू, ना व्हिनेगर. नाण्यावरचा काळा-हिरवा थर म्हणजे मळ नाही, १६०० वर्षांत धातूचाच वरचा पापुद्रा बदलून झालेला तो थर आहे आणि बऱ्याचदा अक्षरं त्या थरातच उरलेली असतात, आंबट लावलंत की थर गेला आणि थराबरोबर राजाचं नावही गेलं. डिस्टिल्ड वॉटरमधे भिजत ठेवायचं, दोन-तीन दिवसांनी पाणी बदलायचं, मऊ टूथब्रश आणि बांबूची टोकदार काडी घेऊन माती सोडवायची, महिना लागला तर लागू दे. एक शेवटचं नाणं राहिलंय म्हणून घाईत सुई लावू नका, मी लावली होती आणि त्या नाण्यावर कानापासून हनुवटीपर्यंत चरा आहे तो आयुष्यभर राहणार.

मग प्रकाश. हे कोणी सांगत नाही आणि निम्मं यश याच्यातच आहे. डोक्यावरचा लाईट बंद करा, छोटा एलईडी टॉर्च टेबलावर आडवा ठेवा म्हणजे प्रकाश नाण्यावरून घासत जाईल, आणि टॉर्च तसाच ठेवून नाणं हळूहळू गोल फिरवा. जे अक्षर एका दिशेनं दिसत नव्हतं ते ९० अंश फिरवलं की सावली टाकून उभं राहतं. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, मोबाईलनं फोटो काढून मोठा करून बघा. आणि दोन वस्तू विकत घ्या, मिलिमीटर मोजणारा डिजिटल कॅलिपर आणि ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा वजनकाटा, सोनार वापरतात त्यातला स्वस्तातला चालतो.

आता मोजा. संग्राहक लोक उशिराच्या रोमन ब्राँझचे चार आकार करतात, एई-१ म्हणजे २५ मिमीच्या वर, एई-२ म्हणजे २१ ते २५, एई-३ म्हणजे १७ ते २१, आणि १७ च्या खाली एई-४. ही नावं आधुनिक आहेत, रोमन लोक काय म्हणत होते तो वेगळा वाद आहे, त्यात पडू नका. महत्त्वाचं हे की हे नाणं वर्षानुवर्षं बारीक होत गेलं. डायोक्लेशियनचं सुरुवातीचं नाणं साधारण १० ग्रॅमचं आणि वर चांदीचा हलका मुलामा, कॉन्स्टंटाईनच्या मधल्या काळात ते ३-४ ग्रॅमवर आलं, ३३० ला अडीच ग्रॅम, आणि ३३५-३३६ नंतर दीड ग्रॅम. मधे ३४८ ला परत मोठं काढलं, तेही काही वर्षांत आटलं. म्हणजे नुसतं वजन करूनही दशकाचा अंदाज बांधता येतो, बाजारात भाजीच्या जुडीचा आकार बघून महागाई कळते तसं.

मग काट्यावरचं चित्र. इथे तुमची मेहनत खरी कमी होते कारण एका वेळी फार थोडी चित्रं चालू असायची आणि तीच बहुतेक टांकसाळींत पाडायचे. मला सगळी चित्रं इथे सांगता येणार नाहीत पण न साफ केलेल्या नाण्यांच्या पिशवीत जी येतात ती परत परत तीच येतात. डोक्यावर उंच टोपली ठेवलेला उघडा तरुण, हातात ओतायची वाटी आणि दुसऱ्या हातात फळाफुलांनी भरलेलं शिंग, नाणं मोठं आणि जाड, म्हणजे भोवतीचा मजकूर गेनिओ पोपुलि रोमानि, डायोक्लेशियन आणि त्याच्या जोडीदारांचा काळ. सूर्यदेव हात वर करून उभा, सोलि इन्विक्तो कोमिति, साधारण ३१० ते ३१८, बहुतेक वेळा कॉन्स्टंटाईन. विटांचा दरवाजा आणि वर दोन बुरूज, मधे चांदणी, तो छावणीचा दरवाजा, ३२४ ते ३३०. दोन सैनिक समोरासमोर भाले घेऊन आणि मधे निशाणं, ग्लोरिया एक्झर्सितुस, सैन्याचा जयजयकार. इथे निशाणं मोजा! दोन निशाणं असतील तर ३३० ते ३३५, एकच निशाण असेल तर ३३५-३३६ पासून ३४१ पर्यंत. एवढी सोपी तारीख दुसऱ्या कुठल्या प्राचीन नाण्यावर मिळत असेल असं मला वाटत नाही आणि म्हणून नवीन माणसानं याच नाण्यापासून सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढे ३४१ ते ३४८ मधे पश्चिमेकडे दोन विजयदेवता समोरासमोर हार घेऊन, पूर्वेकडे पानांच्या गोल माळेत चार ओळींचा मजकूर. मग ३४८ ला फेल टेम्प रेपारातिओ, सुखाचे दिवस परत आले अशा अर्थाचं, त्यात सगळ्यात जास्त दिसतं ते चित्र म्हणजे सैनिक घोड्यावरून पडणाऱ्या शत्रूला भाला मारतोय. आधीची मोठी २१ मिमीच्या पुढची, नंतरची १७-१८ मिमीची. नंतर ३५५ ते ३६१ मधे शिरस्त्राण घातलेला माणूस हातात गोल घेऊन उभा, स्पेस रेइपुब्लिके. ३६४ नंतर व्हॅलेंटिनियन आणि व्हॅलेन्स या भावांच्या काळात दोनच चित्रं उदंड, डावीकडे चालणारी विजयदेवता, आणि राजा कैद्याला केस धरून ओढतोय. आणि शतकाच्या शेवटी अगदी १२-१३ मिमीची चिल्लर, विजयदेवता कैद्याला फरपटत नेतेय आणि बाजूला ख्रिस्ताचं चिन्ह, सालुस रेइपुब्लिके, ती ३८८ च्या आसपासची आणि पुढची.

आता या सगळ्यातला गाभा, टांकसाळीची खूण. काट्यावर चित्राच्या खाली एक आडवी रेघ असते, तिच्या खालच्या पट्टीला एक्झर्ग म्हणतात, टांकसाळीचं नाव तिथे असतं. पूर्ण नाव नसतं, आपल्या गाड्यांच्या पाट्यांवर एमएच-१२, एमएच-१५ असतं तसा कोड असतो. कोडचे तीन भाग धरा. पहिला भाग सन्मानाचा किंवा पैशाचा, म्हणजे एस-एम, साक्रा मोनेता, पवित्र टांकसाळ, किंवा नुसता एम. दुसरा भाग शहर. तिसरा भाग कार्यशाळा, कारण एका टांकसाळीत अनेक कार्यशाळा असायच्या आणि माल खराब निघाला तर कोणाला धरायचं हे कळायला हवं. हा तिसरा भाग कधी शेवटी असतो, कधी सुरुवातीला, तिथेच लोक गोंधळतात.

पश्चिमेत कार्यशाळा लॅटिन क्रमानं मोजतात, पी म्हणजे प्रिमा, एस म्हणजे सेकुंदा, टी म्हणजे तेर्तिया, क्यू म्हणजे क्वार्ता. पूर्वेत ग्रीक अक्षरांनी, आल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा, आणि सहावी कार्यशाळा एस सारखं दिसणाऱ्या चिन्हानं दाखवतात. म्हणून शेवटी गॅमा किंवा डेल्टा दिसला की युरोपचा पश्चिम भाग विसरून जा.

शहरं पश्चिमेकडून घेऊ. पी-एल-एन किंवा पी-एल-ओ-एन म्हणजे लंडन, आणि लंडनची टांकसाळ ३२५ ला बंद झाली, म्हणून दोन सैनिकांच्या नाण्यावर तुम्हाला लंडन दिसलं तर परत वाचा, ते लंडन नाही, बहुतेक पी-एल-जी असेल, म्हणजे ल्यों. टी-आर ट्रिअर. ए-एम-बी म्हणजे आमियें, ही फक्त ३५० ते ३५३ च्या आसपास चालली, मॅग्नेन्शियस नावाच्या बंडखोराची. ए-आर-एल आर्ल. टी एकटा असेल, पी-टी, एस-टी, टी-टी असा, तर टिकिनुम, आजचं इटलीतलं पाविया, तीही ३२६ च्या सुमारास बंद. आर-पी, आर-एस, आर-टी, आर-क्यू रोम. ए-क्यू अक्विलेया. एस-आय-एस म्हणजे सिस्किया, आजचं क्रोएशियातलं सिसाक, इथे कार्यशाळेचं अक्षर पुढे असतं, आल्फा-एस-आय-एस, बीटा-एस-आय-एस, आणि आजूबाजूला ठिपके आणि चंद्रकोरी. एस-आय-आर-एम सिर्मियुम, सर्बियात. मग टी-एस किंवा एस-एम-टी-एस थेस्सलोनिका, एस-एम-एच हेराक्लिया, एस-एम-एन निकोमीडिया म्हणजे आजचं तुर्कस्तानातलं इझ्मित, एस-एम-के सिझिकस, सी-ओ-एन-एस कॉन्स्टँटिनोपल म्हणजे आजचं इस्तंबूल, एस-एम-ए-एन अँटिओक, एस-एम-ए-एल किंवा ए-एल-ई अलेक्झांड्रिया.

सगळ्यात जास्त लोक जिथे घसरतात ती जागा म्हणजे कॉन्स्ट. कॉन्स्टंटाईननं ३२८ च्या सुमारास फ्रान्समधल्या आर्लचं नाव कॉन्स्टंटीना केलं आणि तिथल्या नाण्यांवर सी-ओ-एन-एस-टी यायला लागलं, मधे काही वर्षं परत जुनं नाव आलं आणि ३५३ नंतर पुन्हा नवं. त्यामुळे एक्झर्गमधे सी-ओ-एन दिसलं की बघणारा उड्या मारतो, इस्तंबूल! थांबा. सी च्या आधी अक्षर आहे का ते बघा. पी-सी-ओ-एन-एस-टी, एस-सी-ओ-एन-एस-टी, टी-सी-ओ-एन असं आधी अक्षर असेल तर आर्ल. आधी काही नाही आणि नंतर ग्रीक अक्षर असेल तर कॉन्स्टँटिनोपल. आणि सी-ओ-एन-एस-एस दिसलं तर शेवटचा एस म्हणजे ती ग्रीक मोजणीतली सहावी कार्यशाळा, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच. सी-ओ-एन-एस-आय-ए असेल तर आय-ए म्हणजे ग्रीक आकड्यात ११, अकरावी कार्यशाळा. एकाच टांकसाळीत अकरा कार्यशाळा, त्या शहराला किती चिल्लर लागत असेल याची कल्पना करा.

दुसरा फसवा प्रकार झिजलेल्या अक्षरांचा. एस-एम-एच आणि एस-एम-एन मधे फरक फक्त मधल्या रेघेचा, आडवी की तिरकी. एस-एम-ए-एन आणि एस-एम-ए-एल मधे पण तसंच, शेवटचं अक्षर उजवीकडे वर गेलंय का बघा. के दिसला तर बहुतेक वेळा सिझिकस, पण नाणं मोठं, जाड आणि साधारण ३११ च्या आधीचं असेल तर कार्थेजचाही के असू शकतो, वजन काढलंय ना, ते इथे कामाला येतं. आणि चित्राच्या दोन्ही बाजूला मोकळ्या जागेत जी अक्षरं असतात, टी आणि एफ, किंवा कॉन्स्टंटाईनचा प्रतिस्पर्धी लिसिनियस याच्या नाण्यावर उजवीकडे एकाखाली एक असणारे रोमन आकडे, त्यांना टांकसाळ समजू नका. टांकसाळ रेघेखाली. मोकळ्या जागेतली अक्षरं, ठिपके, चांदण्या, माळा ह्या त्या त्या तुकडीच्या खुणा आहेत, वर्ष नेमकं ठरवायला उपयोगी, पण शहर नाही सांगत.

इतकं झाल्यावर नाणं उलटा, आता छापा.

चेहरा नाही, आधी डोक्यावर काय आहे ते बघा. बहुधा तीन शक्यता. पानांची माळ, म्हणजे लॉरेल, कपाळापासून मागे जाणारी टोकदार पानं. किंवा डायडेम, त्याची सोपी आठवण म्हणजे लग्नातल्या मुंडावळ्या, कपाळावर मोत्यांची किंवा फुलांची आडवी पट्टी आणि मानेमागे लोंबणारी फितीची टोकं. किंवा काहीच नाही, उघडं डोकं. सुरुवातीला सगळे पानांची माळ घालायचे, ३२४ मधे लिसिनियसला हरवून कॉन्स्टंटाईन एकटा सम्राट झाला आणि त्याच सुमाराला त्याच्या डोक्यावर डायडेम आला. त्याची मुलं तेव्हा सीझर, म्हणजे युवराज, त्यांच्या डोक्यावर बहुतेक टांकसाळींत पानांची माळच राहिली. म्हणजे ३३० ते ३३७ च्या नाण्यात मुंडावळ्या असतील तर बहुधा बाप, पानं असतील तर बहुधा मुलगा. ३३७ ला बाप गेल्यावर तिन्ही मुलं सम्राट झाली आणि सगळ्यांनाच मुंडावळ्या. नंतर ३५० च्या दशकात उघडं डोकं दिसलं तर बहुधा गॅलस किंवा ज्युलियन, दोघेही सीझर, किंवा मग मॅग्नेन्शियस, त्याचं डोकं उघडं असूनही तो स्वतःला सम्राट म्हणवायचा आणि त्याच्या मानेमागे बऱ्याचदा मोठा ए असतो.

दाढी हा एक मुद्दा खरंच उपयोगी आहे. कॉन्स्टंटाईनच्या घराण्यात दाढी नाही, एकाला सोडून. ज्युलियन. सीझर असताना तोही दाढी काढलेला आहे पण ३६१ नंतर सम्राट म्हणून लांब टोकदार दाढी, तत्त्वज्ञाची दाढी, आणि ती त्यानं मुद्दाम ठेवली होती, जुने देव परत आणायचे होते त्याला. त्याचं मोठं नाणं, मागे बैल आणि बैलावर दोन चांदण्या, हे माझ्या मते या शतकातलं सगळ्यात देखणं ब्राँझ आहे. ते कधी पिशवीत सापडलं तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी त्याला वेळ द्या. ३६५-३६६ मधल्या बंडखोर प्रोकोपियसलाही दाढी आहे पण तो फार क्वचित मिळतो.

बायका पण आहेत हं, केस बांधलेले, गळ्यात हार. कॉन्स्टंटाईनची आई हेलेना, बायको फाउस्ता. फाउस्ताच्या काट्यावर बाई दोन बाळं घेऊन उभी, हेलेनाच्या काट्यावर बाई हातात फांदी घेऊन उभी. ३२६ नंतर फाउस्ताची नाणी थांबतात, त्याच वर्षी तिचा आणि सावत्र मुलगा क्रिस्पसचा जीव घेतला गेला. हातातल्या नाण्यामागे हे आहे हे कळलं की मला दर वेळी वेगळंच वाटतं.

आता नाव. सुरुवात जवळपास नेहमी झिजलेली असते, शेवट वाचा. कॉन्स्टंटाईन घराण्याची सगळी नावं सारखीच सुरू होतात म्हणून शेवटच लागतो. टिनुस असेल तर कॉन्स्टंटाईन बाप किंवा त्याच नावाचा मुलगा, टियुस असेल तर कॉन्स्टान्शियस, नुसतं आन्स असेल तर कॉन्स्टान्स. टिनुस नंतर आय-व्ही-एन दिसलं म्हणजे ज्युनिअर, मुलगा. एम-ए-एक्स दिसलं म्हणजे बाप. नाव संपल्यावर ए-व्ही-जी असेल तर सम्राट, एन-ओ-बी सी असेल तर सीझर. टियुस दिसलं की कॉन्स्टान्शियस लिहून मोकळे होऊ नका, ३३५ ते ३३७ मधे डेल्माटियुस नावाचा एक सीझर होता, कॉन्स्टंटाईनचा पुतण्या, चुलता गेल्यावर त्याच वर्षी त्याला मारलं, त्याची नाणी कमी आहेत आणि पुष्कळदा अशीच दुर्लक्षाने कॉन्स्टान्शियसच्या पाकिटात पडून असतात. व्हॅलेन्स आणि व्हॅलेंटिनियन वेगळे करायला एक छान युक्ती, व्हॅलेन्सच्या नावात शेवटचा एस डोक्याच्या पलीकडे उजवीकडे एकटा पडतो, व्हॅलेन मग डोकं मग एस. व्हॅलेंटिनियनच्या नावात उजवीकडे बरीच जास्त अक्षरं येतात. आणि काट्यावर ग्लोरिया नोवी साएकुलि वाचता आलं तर छापा बघायचीसुद्धा गरज नाही, तो सम्राट ग्रेशन आणि टांकसाळ आर्ल.

गेल्या महिन्यातलं एक नाणं घेते म्हणजे हे सगळं एकत्र कसं येतं ते दिसेल. १७.५ मिमी, २.४ ग्रॅम. काट्यावर दोन सैनिक, मधे दोन निशाणं, म्हणजे ३३० ते ३३५, वजनही जुळतं. एक्झर्गमधे एस-एम, मग एक झिजलेलं अक्षर, मग ए. शेवटी ए असेल तर तो आल्फा, पहिली कार्यशाळा, पूर्वेकडचं शहर. मधलं अक्षर एच की एन? या दोन्ही टांकसाळींनी हे चित्र पाडलंय त्यामुळे चित्रावरून सुटणार नाही. टॉर्च आडवा ठेवून नाणं फिरवत गेले, वरून प्रकाश येताना काही दिसेना, डावीकडून आला तेव्हा वरच्या डाव्या कोपऱ्यातून खाली उजवीकडे जाणारी रेघ उमटली. एन. निकोमीडिया. उलटं केलं, डोक्यावर पानं, उजवीकडे आय-व्ही-एन आणि त्याच्यापुढे एन-ओ-बी सी. बाकी नावाची गरजच उरली नाही, कॉन्स्टंटाईनचा मुलगा, धाकटा कॉन्स्टंटाईन, सीझर असताना. चेहरा मी सगळ्यात शेवटी पाहिला, पंधरा वर्षांच्या आसपासचा मुलगा असायला हवा आणि नाण्यावर पूर्ण वाढलेला गडी आहे, म्हणजे चेहऱ्यावरून गेले असते तर बापच लिहिला असता.

चारही गोष्टी हातात आल्या, आकार, चित्र, टांकसाळ, नावाचा शेवट, की मग अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीचा ऑनलाइन कॉइन्स ऑफ द रोमन एम्पायर हा फुकट डेटाबेस उघडा. तिथे टांकसाळ आणि राजा निवडला की यादी छोटी होते, आणि आरआयसी, म्हणजे रोमन इम्पिरिअल कॉइनेज या अनेक खंडांच्या सूचीतला नंबर मिळतो, तोच जगभर वापरतात. आरआयसीचा सातवा खंड ३१३ ते ३३७, आठवा ३३७ ते ३६४, नववा ३६४ ते ३९५, एवढं माहीत असलं की कुठल्या खंडात शोधायचं ते कळतं. मोबाईलवर फोटो टाकून ओळखणारी ॲप्स मी वापरून बघितली, ती चेहरा बघतात, म्हणजे नेमकी तीच चूक करतात.

कधी कधी सगळं करूनही अक्षरं जुळत नाहीत, अक्षरांसारख्या नुसत्या रेघा असतात, घोडेस्वार म्हणजे काड्यांचा माणूस, आणि नाणं १०-१२ मिमीचं. ते बनावट म्हणून फेकू नका. ३४० च्या दशकात आणि परत ३५० च्या दशकात ब्रिटन आणि गॉलमधे, म्हणजे आजच्या फ्रान्सकडे, चिल्लरचा तुटवडा पडला की लोक स्थानिक पातळीवर नकला पाडायचे, त्या त्याच काळातल्या आहेत, तेवढ्याच जुन्या. अशा नाण्याला टांकसाळ शोधत बसू नका, मूळ चित्र कुठलं त्याची नोंद करा. आपल्याकडचा दुवाही इथेच आहे, तमिळनाडूत करूर, मदुराई भागात आणि श्रीलंकेत चौथ्या-पाचव्या शतकातली ही बारकी रोमन ब्राँझ नाणी सापडली आहेत, श्रीलंकेत तर खूप, आणि तिथेही त्यांच्या स्थानिक नकला निघाल्या होत्या. आपण रोमन नाणं म्हटलं की सोनं-चांदी आणि मिरीचा व्यापार आठवतो, पण ही दमडीच्या किमतीची चिल्लरसुद्धा समुद्र ओलांडून आली.

कायद्याचं मात्र नीट पाळा. भारतात जमिनीत काही सापडलं तर १८७८ च्या ट्रेझर ट्रोव्ह कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवावं लागतं, आणि १९७२ च्या कायद्यामुळे १०० वर्षांहून जुनं नाणं परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, सुट्टीवरून परत येताना बॅगेत टाकून आणायची वस्तू नाही ती. इंग्लंडमधे एका जागी ३०० वर्षांहून जुनी १० किंवा जास्त ब्राँझ नाणी सापडली तर तो खजिना धरतात आणि कळवणं बंधनकारक आहे. एकटं-दुकटं नाणं असेल तरी सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या अधिकाऱ्याला दाखवून जागेची नोंद करून घ्या. शेजारच्या आजोबांची सगळी नाणी तिथे नोंदलेली आहेत, माझी लांडगीणसुद्धा. विकत घेताना कुठून आलं हे विकणाऱ्याला विचारा आणि उत्तर टाळलं तर घेऊ नका.

ओळख पटली की प्रत्येक नाणं वेगळ्या पाकिटात, पीव्हीसी नसलेल्या प्लॅस्टिकमधे किंवा ॲसिड-फ्री कागदात, डब्यात सिलिका जेलची पुडी. दमट हवेत, मुंबई-कोकणात तर नक्कीच, दर दोन महिन्यांनी उघडून बघा. फिकट हिरवी, भुकटीसारखी, काडी लावली की सुटणारी बुरशीसारखी जागा दिसली तर ते ब्राँझ डिसीज, क्लोराईडमुळे धातू आतून खाल्ला जातो, ते नाणं लगेच बाकीच्यांपासून वेगळं करून कोरड्यात ठेवा. पाकिटावर पेन्सिलनं लिहा, राजा, चित्र, एक्झर्गमधे खरोखर जेवढी अक्षरं दिसली तेवढीच, आणि जे अक्षर अंदाजानं धरलंय त्याच्याखाली ठिपका. मी पहिल्या वर्षी अंदाजाची अक्षरंसुद्धा दिसल्यासारखी लिहून ठेवली होती, त्या ४० पाकिटांचं काम आता परत पहिल्यापासून चालू आहे, टॉर्च आडवा ठेवून.